प्लॅस्टिकात गेलेला माफीचा कागद

आमच्या ऑफिसात लॅमिनेशनचं मशीन आलं तेव्हा ते कोण चालवणार असा प्रश्नच निघाला नाही. टेलेक्स माझ्याकडे, झेरॉक्स माझ्याकडे, फाइलींच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे. मग हेही माझ्याचकडे. बहारीनमध्ये सलमाबादला आमच्या कंपनीचं वर्कशॉप होतं आणि त्याच्या माडीवर ऑफिस. एअरकंडिशनिंगची कामं घ्यायची आणि माणसं सित्राला रिफायनरीत पाठवायची, हा धंदा. रिफायनरीच्या गेटवर पास दाखवावा लागे. पास कागदाचे, खिशातल्या घामाने आठवड्यात त्यांचा लगदा होई. म्हणून मशीन घेतलं.

महिन्याभरात सगळ्यांचे पास झाले आणि मी बाकीच्या गोष्टींकडे वळले. मुलीची गुणपत्रिका केली. नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला केला. माझं टायपिंगचं सर्टिफिकेट केलं. आईने पत्रातून पाठवलेली कोळाच्या पोह्यांची कृती केली. नवरा म्हणाला, "मी झोपलेला असताना जवळ येऊ नकोस. सकाळी प्लॅस्टिकमध्ये सापडायचो."

हसायला हरकत नाही. पण कागद म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला विचारावं. आमच्या घरी पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या, आणि तरीही वडिलांच्या जमिनीच्या कागदाची वाळवीने चाळण केली होती. त्या एका कागदावाचून वडिलांनी वर्षानुवर्षं तालुक्याला खेपा घातल्या. तेव्हा दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक लावून कागद कायमचा बंद करणारं मशीन हाताशी आल्यावर मी काय, आमच्याकडची सगळीच माणसं खुळावली. वर्कशॉपमधली रत्नागिरीची, चिपळूणची, साताऱ्याची मुलं दुपारच्या सुट्टीत जिना चढून यायची. "ताई, एवढं एक करा ना." कुणाचं आयटीआयचं सर्टिफिकेट, कुणाचा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. एकाने बायकोचं पत्र आणलं. मी न वाचता मशीनमध्ये घातलं, दोन्ही बाजू दिसतील असं.

चाचाही त्या दुपारच्या सुट्टीतच आले.

चाचा आमच्या ऑफिसात चहा करायचे, टेबलं पुसायचे, टपाल न्यायचे-आणायचे. मूळचे एडनचे. तेव्हा येमेनचे दोन देश होते, एडन दक्षिणेकडच्यात. साठीच्या आसपासचे, काटक, कायम इस्त्रीचा शर्ट. तरुणपणी एडनच्या बंदरात मुंबईच्या कारकुनांबरोबर काम केलेलं, त्यामुळे हिंदी अस्खलित, तीही आपल्या मुंबईच्या वळणाची. पहिल्या दिवशी त्यांनी मला "क्या बाई, चाय में शक्कर कितना?" असं विचारलं तेव्हा मी मान वर करून पाहिलंच. ऑफिसात आम्ही चौदा जण होतो. चौदा जणांची साखर त्यांच्या डोक्यात असे. मॅनेजरला मधुमेह, त्याला बिनसाखरेचा, बिनदुधाचा सुलेमानी. मला अर्धा चमचा आणि दूध जास्त. चुकले कधी नाहीत.

त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांच्या मुलखात यादवी पेटली. एकाच पक्षाचे दोन गट तोफा घेऊन एकमेकांवर उठले. कुणाचं बरोबर होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. मला एवढंच ठाऊक होतं की चाचांचा एकुलता मुलगा तिथल्या फौजेत वायरलेसवर हवालदार होता आणि त्याचा गट हरत होता. दहा-बारा दिवस फोन नाही, तार नाही, काही नाही. चाचा कानाला ट्रान्झिस्टर लावून बसत, आणि ठरल्या वेळी उठून चहा आणत. चौदा कप, चौदा साखरा. एकही चुकली नाही. मला माणसं सहसा भारावून टाकत नाहीत. पण त्या दिवसांत मी चहाचा कप दोन्ही हातांनी घेत असे.

मुलगा वाचला होता. हरलेल्या फौजेबरोबर डोंगर ओलांडून उत्तरेकडच्या येमेनमध्ये गेला आणि तिथून तीन-चार महिन्यांनी व्हिजिट व्हिसावर बापाकडे बहारीनला आला. तिशीच्या आतला, उंच, गालफडं वर आलेली. अरबीखेरीज मोडकं इंग्रजी. आला त्याच आठवड्यात त्याने आमचं बंद पडलेलं टेलेक्स उघडलं, आतली कुठलीशी तार साफ केली आणि ते चालू करून दिलं. त्याचा हात मी तेव्हा पाहिला. सुईच्या टोकाएवढ्या जागेत काम करताना जराही हलत नव्हता. मॅनेजर तिथेच उभा होता. म्हणाला, याला इलेक्ट्रिशियनच्या व्हिसावर ठेवून घेऊ. चाचांनी त्या दिवशी सगळ्यांना हलवा वाटला.

आणि मग तो कागद आला.

मुलाच्या बाजूच्या माणसांना नव्या सरकारने माफी जाहीर केली होती. ज्यांनी अर्ज केले त्यांना एकेक कागद मिळत होता. चाचा त्याला 'अमान' म्हणत. एकच पान, जाड, पिवळसर. वर सरकारी चिन्हातला पक्षी, खाली फोटो, आणि अरबीत टाइप केलेला मजकूर. चाचांनी मला तो बोट ठेवून वाचून दाखवला. हा अमुक गावचा, अमुक हुद्द्याचा माणूस. याने हत्यार खाली ठेवलं आहे. याला आपल्या घरी जाऊ द्यावं, वाटेत कुणी अडवू नये, घरी कुणी त्रास देऊ नये. आणि शेवटी दीड ओळ: मी पुन्हा माझ्या देशातल्या माणसावर हत्यार उचलणार नाही. या दीड ओळीखालची जागा कोरी होती. मागची बाजू सगळी कोरी होती.

"चाचा, म्हणजे तो जाणार?" मी विचारलं.

"पागल है," चाचा म्हणाले. "इधर नौकरी है, व्हिसा मिलता है, मैं है. बोलता है, जाऊंगा."

कारण त्यांनीच सांगितलं. डोंगरात असताना मुलाच्या हाताखाली अकरा जण होते. खाणं संपलं, बॅटऱ्या संपल्या, तेव्हा त्याने त्यांना सांगितलं की आता बंदुका खाली ठेवा आणि माफी मिळाली की घरी जा. अकराच्या अकरा परत गेले होते. आपापले कागद घेऊन, घाबरत घाबरत, पण गेले होते. "बोलता है, मैंने उनको भेजा. अभी मैं बाहर बैठूं तो वो क्या बोलेंगे? हवालदार को मालूम था, कागज झूठा है?"

चाचांना हे पटलं नव्हतं. पण सांगताना ते ताठ बसले होते, हे माझ्या लक्षात आलं.

"दो कॉपी निकाल दो बाई," ते म्हणाले आणि मॅनेजरचा सुलेमानी न्यायला गेले.

मी दोन झेरॉक्स काढल्या. कागद हातात घेतला. माणसाचं सगळं आयुष्य ज्याच्यावर टांगलंय असा कागद, आणि तो चार घड्या घालून कुणाच्यातरी बनियनच्या खिशातून आलेला. घडीवर विरायला लागलेला. तो अजून विमानातून जाणार, ट्रकमधून जाणार, डोंगरातल्या नाक्यांवर दहा घामट हातांतून फिरणार. मी दुसरा विचार केला नाही. मशीन गरमच होतं. मोठ्या मापाचं पाकीट घेतलं, कागद मधोमध ठेवला, कडा सारख्या केल्या आणि घातला आत. पलीकडून काचेसारखा बाहेर आला.

चाचा परत आले तेव्हा मी तो त्यांच्या हातात दिला. "माशाल्ला!" ते म्हणाले. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिला. "अब तो इसको पानी भी कुछ नहीं कर सकता."

"पानी, पसीना, चाय, काहीच नाही," मी म्हटलं. मला बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा स्वतः जिना चढून आला. कागद हातात होता. बापाशी दोन वाक्यं बोलला, हळू आवाजात. चाचांनी हातातला ट्रे माझ्या टेबलावर ठेवला. कुठे ठेवतोय ते न पाहता, माझ्या टायपिंगवरच.

"क्या हुआ?"

"बाई," चाचा म्हणाले, "इस पे दस्तखत करना है. सरहद पे. अफसर के सामने. और पीछे हर नाके का ठप्पा."

मी कागद घेतला. दीड ओळीखालची ती कोरी जागा. मागची कोरी बाजू. दोन्हींवर गुळगुळीत प्लॅस्टिक. बॉलपेन उचलून कोपऱ्यावर ओढून पाहिलं. घसरलं. बोटाने पुसलं तर खूणही राहिली नाही.

जन्मभर मी ऑफिसांत काम केलं. कोरी जागा दिसली की ती कुणासाठी आहे हे विचारायचं, हा पहिला धडा. तो मी नव्या मुलींना शिकवत असे. आणि स्वतः मात्र कागद मळू नये म्हणून त्याचा जीव घेतला होता. वर, न विचारता.

चाचांनी लगेच फोन लावला, उत्तर येमेनमधल्या नातेवाइकाला. नवीन कागद मिळेल, पण दोन महिने लागतील, असं उत्तर आलं. आणि माफीची मुदत एकोणीस दिवसांनी संपत होती. त्यानंतर सरहद्दीवर जाणारा माणूस माफीतला नाही, पळपुटा शत्रू.

आमच्या ऑफिसातला अरबी टायपिस्ट सुदानी होता, हुशार आणि जरा आगाऊ. एव्हाना तोही टेबलापाशी आला होता. त्याने प्लॅस्टिकमधला कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "यात काय आहे? असाच जाड कागद आपल्या कपाटात आहे. अर्ध्या तासात तस्संच टाइप करून देतो. शिक्का बाजारात हवा तसा बनतो. यल्ला, चला, फोटो आणा."

मला ते एकदम पसंत पडलं. खोटं कसलं? मजकूर खरा, माणूस खरा, माफीही खरी. फक्त कागद दुसरा. मी कपाटाची किल्ली काढलीसुद्धा.

मुलगा म्हणाला, "ला." नाही.

सुदानी त्याच्यावर चिडला. दोघांत भराभरा अरबी झाली. मी चाचांना विचारलं, काय म्हणतोय?

"बोलता है, इस कागज पे मुझे जबान देनी है. जबान देने का कागजही झूठा, तो जबान कैसी?" चाचा थांबले आणि मग आपल्यातर्फे म्हणाले, "इसकी मां भी ऐसीच है."

सुदानी म्हणाला, "मग काय करणार? हे घेऊन जाणार?"

मुलाने खांदे उडवले. हेच घेऊन जाईन. प्लॅस्टिक दाखवीन, काय झालं ते सांगेन. ऐकलं तर ऐकलं.

मी किल्ली परत ड्रॉवरमध्ये टाकली. मी त्याच्या जागी असते तर सुदान्याचा कागद घेऊन गेले असते, आणि झोपही शांत लागली असती. पण हा माणूस माझ्यावर आवाजही न चढवता, माझ्या चुकीवर स्वतःची मान ठेवायला निघाला होता. आणि मला 'सिस्टर, नो प्रॉब्लेम' म्हणत होता. मला त्याचा राग आला. इतका चांगुलपणा समोर असला की माणसाला गप्प बसता येत नाही.

संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो वर्कशॉपमधला माणूस. आधी हसला, मग माझं तोंड पाहून थांबला. म्हणाला, "उष्णतेने चिकटलंय ना? मग उष्णतेनेच सुटेल. फक्त सुटताना कागद कुणाच्या बाजूने जाईल ते सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघा. तुझ्याकडे माल भरपूर आहे."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, बापलेक आमच्या मनामाच्या फ्लॅटवर आले. मी जेवणाच्या टेबलावर चादर चौपदरी घालून ठेवली होती. इस्त्री, सुती रुमाल, नवी ब्लेडं, भुवया कोरायचा माझा चिमटा. मुलाने सगळ्या वस्तू एका ओळीत लावून घेतल्या. इस्त्रीचा गोल खटका सर्वांत खाली आणला, तळहातापासून वीतभर लांब धरून किती तापलीय ते पाहिलं, आणि मान हलवली.

पहिला घेतला नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाचा गेटपास. रुमालावरून इस्त्री फिरवली, ब्लेडने कोपरा उचलला, प्लॅस्टिक ओढलं. कागद मधोमध फाटला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

"इस्त्री थंड पडली," नवरा म्हणाला.

दुसरी घेतली आईची कोळाच्या पोह्यांची कृती. या वेळी मुलाने प्लॅस्टिक वर न ओढता मागे दुमडून, टेबलाला चिकटून ओढलं. बोटभर ओढायचं, थांबायचं, पुन्हा इस्त्री, पुन्हा बोटभर. कागद आख्खा निघाला. शाई मात्र गरमीने पसरली होती. नारळाचं दूध किती घालायचं ते मला आता कधीच कळणार नाही. आईला पत्र लिहून पुन्हा विचारलं असतं, पण कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

"हा कागद पातळ होता," नवरा म्हणाला. "त्याचा जाड आहे. जाड काहीतरी दे."

जाड एकच होतं. मी आत जाऊन टायपिंगचं सर्टिफिकेट आणलं. मुलाने ते हातात घेतलं, वरचा सरकारी शिक्का पाहिला आणि बापाला काहीतरी विचारलं.

"पूछता है, ये असली है?"

"असली आहे."

त्याने ते टेबलावर ठेवलं, माझ्या बाजूला सारलं. "ला, ला, सिस्टर."

"चाचा, उसको बोलो," मी म्हटलं, "माझी बोटं मिनिटाला चाळीस शब्द टाइप करतात, ते कागद सांगतो म्हणून नाही करत. घेऊ दे."

चाचांनी सांगितलं. मुलगा पहिल्यांदाच हसला. मग ब्लेड बदललं आणि कामाला लागला. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात तो एकदाही घाईला आला नाही, एकदाही घाम पुसायला थांबला नाही. मी पोहे केले, ते त्याच्या शेजारी गार झाले. सर्टिफिकेट निघालं, डावा कोपरा गेला, बाकी जसंच्या तसं. नवऱ्याने त्यावर बॉलपेनने रेघ मारून पाहिली. उठली.

"आता," नवरा म्हणाला.

मुलाने हात धुतले, पुसले, आणि अमान समोर घेतला. आधी कडेचं नुसतं प्लॅस्टिक कापून टाकलं. मग मागची बाजू. मी भांडी घासत होते, कारण बघवत नव्हतं. चाचा खुर्चीत बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. मागची बाजू स्वच्छ निघाली. मग पुढची. सरकारी पक्षी निघाला. नाव निघालं. फोटोच्या जाडीपाशी त्याने बराच वेळ घेतला, फोटोही निघाला. मी नळ बंद करून टेबलापाशी आले. आता खालचा चार बोटं भाग राहिला होता.

तिथे कागदाची घडी विरलेली होती. प्लॅस्टिक मागे येत होतं आणि त्याच्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा येत होता. त्याने लगेच थांबवलं, पुन्हा इस्त्री फिरवली, दुसऱ्या बाजूने यायचा प्रयत्न केला. सगळं योग्य केलं. तरी पापुद्रा आला. प्लॅस्टिक सुटलं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला दीड ओळ उलटी चिकटलेली होती. कागदावर तिथे नुसता पांढरा खरवडलेला पट्टा.

नेमकी तीच ओळ. बाकी सगळं गेलं असतं तरी चाललं असतं.

"खलास," चाचा म्हणाले.

मुलाने कागद उचलून खिडकीशी नेला. खरवडलेल्या पट्ट्याखालची कोरी जागा शाबूत होती. त्याने तिच्यावर अंगठा फिरवला आणि बापाला काहीतरी सांगितलं.

"बोलता है, दस्तखत की जगह है. बस, वो ही चाहिए था." चाचांनी हात उघडले. "और किस चीज पे दस्तखत करेगा, ये मैं पूछता नहीं."

मग मुलाने गार पोहे खाल्ले, सगळे. मी गरम करून देते म्हटलं तर नको म्हणाला. जाताना मी त्याला कागद ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी दिली. एका बाजूने उघडी. आणि दोन्हींपैकी एक झेरॉक्स, जिच्यात ती दीड ओळ ठळक होती. तो जिन्यावरून वळून म्हणाला, "थँक यू, सिस्टर." थँक यू कशाबद्दल, हे मला अजून कळलेलं नाही.

चार दिवसांनी तो गेला. चाचांनी त्याला अडवलं नाही. विमानतळावर पोचवून तासाभरात ऑफिसात आले आणि चहा ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी मोजत होते. मुदत संपायला बारा दिवस, दहा, सात. बातमी नव्हती. मुदतीच्या आधल्या दिवशी चाचांनी चहा आणला. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. दोन चमचे साखर. समोरच्या केबिनमधून मॅनेजर कप घेऊन बाहेर आला. "चाचा, मला मारायचं आहे का? यात साखर आहे."

चाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी सगळ्यांच्या टेबलांकडे पाहिलं. कुठला कप कुणाचा हे त्यांना आठवत नव्हतं. लढाईच्या दिवसांत ज्याची एक साखर चुकली नाही, त्या माणसाच्या चौदाच्या चौदा चुकल्या होत्या. आणि त्या लढाईने चुकल्या नव्हत्या. माझ्या मशीनने चुकल्या होत्या. मी उठले, ट्रे त्यांच्या हातातून घेतला आणि सगळ्यांचा चहा पुन्हा केला. वाईट झाला. सगळे मुकाट्याने प्याले.

मुदत संपल्यावर नऊ दिवसांनी एक टॅक्सीवाला ऑफिसात आला आणि चाचांच्या नावाचं पाकीट देऊन गेला. आत कॅसेट होती. तेव्हा आखातात पत्राऐवजी कॅसेटी पाठवायची पद्धतच होती. लिहिता न येणाऱ्या आया त्यात तासभर बोलत. सुदान्याने आपला टेपरेकॉर्डर आणला. आम्ही माझ्या टेबलाभोवती उभे राहिलो. कॅसेटमधून आधी एका बाईचा, मुलाच्या आईचा, रडका, मोठा आवाज आला.

"घर में है," चाचा म्हणाले आणि खाली बसले.

मग मुलाचा आवाज. चाचा ऐकत आणि थांबवून थांबवून मला सांगत.

सरहद्दीवर बाज टाकून एक अफसर बसला होता. त्याने अमान पाहिला. जागोजागी पिवळा पडलेला, खाली खरवडलेला. "हे काय? ओळ कुणी पुसली?" मुलाने खरं ते सांगितलं. बहारीनमध्ये एक हिंदी बाई आहे, तिने कागद खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातला. मी तो बाहेर काढला.

टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे पाहायला लागले. "पुढे," मी म्हटलं.

मुलाने झेरॉक्स काढून दिली. अफसरने ती बाजूला ठेवली. असले कागद कुणीही काढतो, म्हणाला. मग विचारलं, इथे काय लिहिलं होतं, तुला माहीत आहे? मुलाने सांगितलं. न पाहता, अख्खी ओळ. अफसरने खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं. म्हणाला, "मग लिही. बाकीचे नुसती सही करतात. तू लिही."

मुलाने त्या खरवडलेल्या पट्ट्यावर दीड ओळ लिहिली आणि खाली सही केली. शाई जरा फुटली, असं तो कॅसेटवर म्हणाला. कागद तिथे पातळ झाला होता. अफसरने शिक्का मारला. पुढच्या तीन नाक्यांनी मागे ठप्पे मारले. तिसऱ्या नाक्यावर पहाऱ्याला त्याच्याच अकरांपैकी एक होता. त्याने कागद न पाहताच दांडी वर केली, तेव्हा मुलाने त्याला हटकलं: आधी ठप्पा मार.

"सुव्वर का बच्चा," चाचा कौतुकाने म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी टेबल पुसायचं फडकं घेतलं. मी ते काढून घेतलं आणि माझा रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी माझा चहा आला, अर्धा चमचा साखर, दूध जास्त. ट्रेमध्ये कपाच्या शेजारी घडी केलेला एक कागद होता. मी काढलेली दुसरी झेरॉक्स. चाचांनी ती ठेवून घेतली होती. सरकारी पक्षी, मुलाचा काळपट फोटो, आणि ती टाइप केलेली दीड ओळ, जी आता मूळ कागदावर उरली नव्हती.

"बाई, इसको प्लॅस्टिक कर दो."

मी कागद उलटा केला. मागची बाजू पाहिली. पुन्हा सुलटा केला. "चाचा, यावर कुणाची सही व्हायची आहे? ठप्पा?"

"किसी की नहीं. मैं दीवार पे लगाऊंगा."

"नक्की?"

"अरे बाई, नक्की."

मी मशीनचा खटका दाबला आणि ते गरम व्हायची वाट पाहत बसले.